दर तुम्ही ठरवता: वाळूजच्या उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
मसिआ, सीएमआयए आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतील सर्व उद्योजक संघटनांचे पदाधिकारी व सभासद यांस,



मी बजाजनगरात राहतो आणि वाळूजमधल्या लहान कारखान्यांची हिशेबाची कामे करतो. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे व्हेंडर आले आणि गंगापूर, वैजापूर, पैठणपासून बीड-परभणीपर्यंतच्या कोरडवाहू घरांतली पोरे इथे पगारावर उभी राहिली. हे तुमचे काम आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. हे पत्र त्या आदरातूनच लिहितो आहे.

देशातला भ्रष्टाचार कमी व्हावा, हे तुमच्यापैकी प्रत्येकाला वाटते. संघटनेच्या व्यासपीठावर, मंत्र्यांच्या भेटीत, अर्थसंकल्पावरच्या चर्चेत तुम्ही हे बोलता आणि मनापासून बोलता. माझा प्रश्न एवढाच आहे की ही सुधारणा सुरू कुठून व्हायची? तुमच्याकडून मी उत्तर ऐकतो ते बहुतेक वेळा ‘दिल्लीतून’ किंवा ‘मंत्रालयातून’ असे असते. मला वाटते, ती वाळूजमधूनही सुरू होऊ शकते आणि ती सुरू करण्याची ताकद इथे तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाकडेच नाही.

2011 साल आठवून पाहा. नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे 5 एप्रिलला दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले. ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावरच्या उपोषणाने देश ढवळून निघाला. त्या वेळी मोठ्या उद्योगांतली माणसेही गप्प नव्हती. जानेवारी 2011 मध्ये अझीम प्रेमजी, केशुब महिंद्र, दीपक पारेख, जमशेद गोदरेज, पुण्याच्या अनु आगा अशा 14 मान्यवरांनी देशाच्या नेत्यांना उघड पत्र लिहून कारभाराच्या घसरणीबद्दल चिंता व्यक्त केली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पत्रात लोकपाल हवाच, पण तेवढ्याने भागणार नाही, असे म्हटले. त्याआधी नोव्हेंबर 2010 मध्ये रतन टाटांनी डेहराडूनच्या भाषणात सांगितले होते की विमान कंपनी काढायची तर मंत्र्याला 15 कोटी देऊन टाका, असा सल्ला त्यांना एका उद्योगपतीने दिला होता आणि त्यांनी तो मानला नाही.

या लोकांनी नाव देऊन, सही करून लिहिले. ते धाडसाचे होते. पुढे लोकपाल कायद्याला 1 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पहिले लोकपाल नेमले गेले ते मार्च 2019 मध्ये. लोकपालाचे पहिले विधेयक 1968 चे, म्हणजे अर्धे शतक गेले. महाराष्ट्रात लोकायुक्ताचा कायदा 1971 पासून आहे. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारे नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केले. वरून येणारी सुधारणा या वेगाने येते. ती यायलाच हवी, तिच्यासाठी भांडायलाही हवे. पण ‘वरचे बंद झाले की खालचे आपोआप बंद होईल’ या भरवशावर बसलो तर आपली आणखी एक पिढी वाट पाहण्यात जाईल.

शिवाय ‘वरचे’ म्हणजे फक्त पुढारी आणि सचिव नव्हेत. तिथे उद्योगही आहे. 2017 मध्ये कायदा बदलून कंपन्यांनी पक्षांना द्यायच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली आणि कोणत्या पक्षाला किती दिले, हे हिशेबात दाखवण्याचे बंधनही गेले. 2018 मध्ये निवडणूक रोखे आले. त्यांतून 16 हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम पक्षांकडे गेली आणि ती कोणी कोणाला दिली, हे मतदारापासून लपून राहिले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना आणि कंपन्यांच्या अमर्याद देणग्यांची ती दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर मार्चमध्ये रोख्यांचे क्रमांक जाहीर करण्याचा विषय आला, तेव्हा फिक्की आणि असोचॅम या देशपातळीवरच्या उद्योग संघटनांच्या वतीने तो तपशील उघड होऊ नये, अशी मागणी न्यायालयात झाली. न्यायालयाने ती ऐकून घेतली नाही.

त्या दिवशीची बातमी वाचून मला फार वाईट वाटले. देणगीदाराचे नाव फुटले तर दुसरा पक्ष सूड उगवेल, ही भीती खरी आहे, हे मी मानतो. वाळूजचा कारखाना उभारणारे राहुल बजाज यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबईतल्या एका समारंभात केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर उभे राहून सांगितले होते की उद्योगपतींना सरकारवर उघड टीका करण्याची भीती वाटते. पण ती भीती त्यांनी बोलून दाखवली, तीही भर सभेत. भीतीवरचा उपाय उजेडच असतो. झाकून दिलेल्या पैशाने देणारा निर्भय होत नाही, पुढच्या वेळी त्याच्याकडे जास्त मागितले जाते एवढेच.

आता आपल्या घराकडे येऊ. कारखाना चालवायचा तर किती दारे ठोठावावी लागतात, हे मला तुम्हाला सांगायला नको. भूखंडाचे हस्तांतरण, इमारत पूर्णत्वाचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, फॅक्टरी लायसन्स, अग्निशमनचा ना-हरकत दाखला, वीजजोडणीचा भार वाढवणे, पीएफ, ईएसआय, जीएसटी. प्रत्येक दारात गैरव्यवहार होतो, असे मी म्हणत नाही. प्रामाणिकपणे सही करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पण जिथे पैसा द्यावा लागतो तिथे तो हिशेबात कसा उतरतो, हे माझ्यासारख्या माणसाला दिसते. व्हाउचरवर रक्कम नेहमी गोल असते: पाच हजार, पंधरा हजार, चाळीस हजार. सोबत बिल नसते. तपशिलात ‘कार्यालयीन खर्च’ किंवा ‘कन्सल्टन्सी’ असते. पैसे घेणाऱ्याच्या जागी कंपनीतल्याच कोणाची सही असते. वर्षाअखेरीस असे कागद एकत्र केले की लहानशा कारखान्यातही दोन-तीन कामगारांच्या वर्षभराच्या पगाराइतका आकडा होऊ शकतो.

मालकांशी यावर बोलले की बहुतेक जण म्हणतात, ‘आम्ही देत नाही हो, आमच्याकडून घेतात.’ यात तथ्य आहे. हक्काचे काम अडवून मागितलेली लाच आणि बेकायदा फायदा मिळवण्यासाठी स्वतःहून दिलेली लाच यांत फरक केलाच पाहिजे. केंद्र सरकारचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनी मार्च 2011 मध्ये हेच मांडले होते: हक्काच्या कामासाठी छळ करून घेतलेल्या लाचेत देणाऱ्याला गुन्हेगार धरू नये, म्हणजे तो नंतर तक्रार करायला मोकळा राहील आणि घेणाऱ्याला धाक बसेल. त्यावर देशभर मोठा वाद झाला.

कायद्याने शेवटी वेगळी वाट धरली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. त्यातली दुरुस्ती 26 जुलै 2018 पासून लागू झाली आणि लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण एक सवलत ठेवली: ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर तो गुन्हेगार ठरत नाही. देण्याआधीच कळवून सापळ्यासाठी जो रक्कम देतो, त्यालाही संरक्षण आहे. कंपनीशी संबंधित कोणीही तिच्या फायद्यासाठी लाच दिली तर कंपनीही जबाबदार धरली जाते. त्यात संचालकाची संमती किंवा मूकसंमती सिद्ध झाली तर त्याला किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. लाच दिली जाऊ नये म्हणून कंपनीने पुरेशी व्यवस्था केली होती, हे दाखवता आले तर कंपनीला बचाव मिळतो.

म्हणजे ‘आमच्याकडून घेतात’ हे वाक्य कायद्यापुढे सात दिवसच टिकते. आठव्या दिवशी तुम्ही पीडित राहत नाही, आरोपी होऊ शकता. वाळूजमधल्या किती मालकांना हे माहीत आहे? मला जे भेटतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना नाही.

याच दुरुस्तीने अधिकाऱ्यांच्या निर्णयांची चौकशी करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची अटही घातली. देणाऱ्यावर बडगा आणि घेणाऱ्याला कवच, ही तुमची तक्रार म्हणून अगदीच चुकीची नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: लाच घेताना जागेवर पकडले तर ही परवानगी लागत नाही. म्हणजे सामान्य उद्योजकाच्या हातात असलेला रस्ता, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा, उघडा आहे. 1064 हा त्यांचा क्रमांक आहे. तक्रार आली की आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, बोलणे रेकॉर्ड होते, मग पावडर लावलेल्या नोटा दिल्या जातात.

मग लोक का जात नाहीत? कारण एकटा मालक घाबरतो आणि त्याला तसे कारण असते. त्याच्या डोक्यावर मोठ्या कंपनीचे शेड्यूल असते, माल एक दिवस उशिरा गेला तर लाइन थांबते, पुढची ऑर्डर जाते. आज एकाला पकडून दिले तर उद्या बाकीचे सगळे आपल्या फाइलवर बसतील, असे त्याला वाटते. म्हणून तो हिशेब मांडतो, की पंधरा हजार देणे स्वस्त आहे.

हा हिशेब चुकतो, आणि मी हिशेबनीस म्हणून सांगतो. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी 1968 मध्ये ‘एशियन ड्रामा’ या ग्रंथात भारताकडे पाहूनच लिहिले होते की काम लवकर व्हावे म्हणून पैसे देण्याची रीत पडली की अधिकारी पैसे मिळावेत म्हणून काम मुद्दाम लांबवू लागतात. डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वेई या दोघांनी 1999 मध्ये अनेक देशांतल्या कंपन्यांची माहिती तपासली, तेव्हा जास्त लाच देणाऱ्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांचा वेळ सरकारी बाबूंसोबत कमी नव्हे, जास्त जात असल्याचे त्यांना दिसले. आपल्याकडेही ज्या कंपनीची ‘देणारी पार्टी’ अशी ओळख होते, तिच्याच दारात वर्षभर गाड्या थांबतात.

याहून मोठे नुकसान तुमच्या ताळेबंदात येतच नाही. ते बजाजनगरच्या आणि रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांत राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. कंत्राटी कामगाराला मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो. त्यासाठी तो खाडा करतो, म्हणजे त्या दिवसाचा पगार आणि हजेरीचा भत्ता दोन्ही जातात. दाखल्याची सरकारी फी नाममात्र. पण ‘उद्या या’ हे दोनदा ऐकले की त्याच्या हातात दोन पर्याय उरतात: तिसरा खाडा, नाहीतर दलालाचे पाचशे रुपये. तो पाचशे देतो. हा पाचशेचा दर कोणी ठरवला? ज्या परिसरात कारखान्याच्या कागदाला पंधरा हजार न कुरकुरता मिळतात, तिथे कोणताही कागद फुकट मिळणार नाही, हे हळूहळू ठरून जाते. ज्याला परवडते, त्याने दिलेल्या पैशाने बाजारभाव ठरतो आणि ज्याला परवडत नाही, त्याला तो भरावा लागतो. तुमच्यासाठी जो धंद्याचा खर्च आहे, तो त्याच्या घरात महिन्याचा किराणा आहे. सुधारणा वरून येईल, असे म्हणणारा मालक आणि दाखल्यासाठी खाडा करणारा कामगार एकाच गेटमधून आत येतात, पण वाट पाहण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे आपल्या वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. त्या घटनेत काही दिले-घेतले गेले, असे मी सुचवत नाही. त्या मृत्यूंनी आपल्याला एवढेच शिकवावे, की तपासणी ही कागदावर सही करून संपवायची गोष्ट नाही. तपासणी ‘मॅनेज’ करण्याची सवय लागली की जिना मोकळा आहे का, बाहेर पडायला दुसरे दार आहे का, हे पाहणारा माणूस कारखान्यात पाय ठेवतच नाही. म्हणून ‘इन्स्पेक्टर राज नको’ ही तुमची मागणी मला अर्धीच पटते. छळणारा इन्स्पेक्टर नको, हे खरे. पण खरी तपासणी हवी, तिचा अहवाल सर्वांना दिसेल असा हवा, आणि त्याची मागणी उद्योजकांनीच केली पाहिजे.

तुमच्या एकीत ताकद आहे, हे वाळूजने पाहिले आहे. 9 ऑगस्ट 2018 रोजी मराठा आरक्षणासाठीच्या बंदच्या दिवशी इथल्या कंपन्यांवर दगडफेक आणि तोडफोड झाली. त्यानंतर लहान व्हेंडरपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळे एकत्र आले, सरकारकडे सुरक्षेची मागणी केली, आणि सरकारला दखल घ्यावी लागली. कोणी एकट्याने ती मागणी केली असती तर ती फाइलमध्ये पडून राहिली असती. लाच देणाऱ्यालाही जबाबदार धरणारा कायदा त्याच्या दोनच आठवडे आधी लागू झाला होता. त्या कायद्याच्या बाबतीत अशी एकजूट दिसली नाही.

आपल्या शेजारी पाटोदा हे गाव आहे. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना त्या ग्रामपंचायतीने पूर्ण कर भरणाऱ्या घरांना दळण फुकट दिले, गावाचा पैसा कुठे जातो ते लोकांना दिसू लागले आणि लोक कर भरू लागले. तिथे कोणताही राष्ट्रीय कायदा आधी बदलावा लागला नव्हता. आपल्या वसाहतीच्या मागच्या बाजूच्या गावाला जे जमले, ते तुम्हाला न जमण्याचे कारण नाही.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली: प्रत्येक संघटनेने वकील आणि हिशेब तपासनीस यांचा एक तक्रार कक्ष उभारावा. लाचेची मागणी झाली की सभासदाने त्याच दिवशी तिथे कळवावे आणि सात दिवसांच्या आत तक्रार संघटनेच्या पाठिंब्याने, संघटनेचा प्रतिनिधी सोबत घेऊन दाखल व्हावी. सूड उगवायचा तर तो एका मालकावर उगवता येतो, हजार सभासदांवर नाही.

दुसरी: कोणत्या प्रकारच्या परवानगीला किती दिवस लागले, याची नोंदवही ठेवा आणि दर तीन महिन्यांनी ती जाहीर करा. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर दोन अपिले करता येतात, त्यानंतर आयोगाकडे जाता येते आणि अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. जिथे हा कायदा लागू आहे, तिथे सभासदांची अपिले संघटनेने चालवावीत. मुदतीसाठी अपील करणारे वाढले की मुदतीसाठी पैसे देणारे कमी होतील.

तिसरी: ज्या कंपन्या राजकीय पक्षांना देणगी देतात, त्यांनी कोणत्या पक्षाला किती दिली, हे आपल्या भागधारकांपुढेच नव्हे तर कामगारांपुढेही ठेवावे. न्यायालयाने मतदाराचा हक्क मान्य केला आहे. कारखान्यात घाम गाळणारा माणूसही मतदारच आहे.

चौथी, मोठ्या कंपन्यांना: तुमचा व्हेंडर परवानगीसाठी अडला असेल आणि त्याने लाच नाकारली असेल, तर उशिराबद्दल त्याला दंड लावू नका. तुमच्या आचारसंहितेत लाचेला बंदी असते, ती आम्ही वाचतो. पण तुमच्या शेड्यूलचा ताण व्हेंडरला लाचेकडे ढकलत असेल तर त्या बंदीचे ओझे सर्वांत लहान माणसाच्या डोक्यावर पडते.

लोकपाल, लोकायुक्त, निवडणूक देणग्यांचा कायदा, चौकशीच्या परवानगीची अट, या सगळ्यांवर देशात बोलले जात राहील आणि त्यात तुमचा आवाज असलाच पाहिजे. पण तो आवाज ज्याच्या स्वतःच्या हिशेबात बिल नसलेली व्हाउचरे नाहीत, त्याचा असेल तर त्याला वजन येईल. देशातल्या सुधारणेला ज्यांचा पाठिंबा आहे, त्यांनीच ती आधी आपल्या गेटच्या आत आणली, असे वाळूजबद्दल सांगता यावे, ही माझी इच्छा आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या चार विनंत्यांवर ठराव मांडा, मतदान घ्या आणि कोण कोणत्या बाजूने उभे राहिले, ते सभासदांना कळू द्या.

आपला नम्र,
वाळूजमधला एक हिशेबनीस